शेवटचं मूल पोचेपर्यंत मांडव काढायचा नाही: दिव्यांग मुलांसाठी चॅरिटी वॉक कसा भरवायचा

पहिल्या वर्षीची गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी एवढं का लावून धरतेय ते कळेल. माझ्या ताईच्या मुलाला सीपी आहे, सेरेब्रल पाल्सी, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, पायात स्प्लिंट घालून वॉकर धरून चालतो, आणि त्याच्या शाळेसाठी म्हणून आम्ही पुण्यात आमच्या भागात वॉक ठेवला होता. दोनशेच्या वर माणसं आली, फुगे, टीशर्ट, पाहुणे, सगळं झालं. ह्या पोराने ठरवलं होतं की कुणाचा हात न धरता चारशे मीटर चालायचं, घामाने निथळत, दर वीस पावलांनी थांबत चालला, आणि जवळपास तासाभराने शेवटच्या वळणावर आला तर समोर मांडववाला कापड गुंडाळतोय, खुर्च्या टेम्पोत चढतायत आणि फिनिशची कमान रस्त्यावर आडवी पडलीय. तो रडला वगैरे नाही, वॉकरचे दोन्ही दांडे घट्ट धरून त्या कमानीकडे बघत उभा राहिला आणि ताईला म्हणाला, "आई, संपलं का?"

त्यानंतर आम्ही अजून तीन वॉक केले आणि प्रत्येक वेळी आखणी उलट्या बाजूने केली, म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाला किती वेळ लागेल ते आधी धरायचं आणि मग बाकी तीनशे लोकांचं बघायचं. खाली जे लिहितेय ते त्यातूनच आलेलं आहे. तुमच्या सोसायटीत, गावात, ऑफिसात कुणाच्या मनात असेल तर उपयोगी पडेल.

पैसे कशाला हवेत ते आधी विचारून या

बहुतेक जण आधी टीशर्टचा रंग ठरवतात आणि मग संस्था शोधतात. तसं करू नका. ज्या शाळेला किंवा थेरपी सेंटरला मदत करायची तिथे आधी जा, तासभर बसा, मुलं काय करतात ते बघा आणि मुख्याध्यापकांना सरळ विचारा की तुमचं सगळ्यात जास्त कुठे अडतंय. आम्हाला वाटलं होतं व्हीलचेअर देऊ. पण साधने सरकारकडूनही मिळतात, केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून अलिम्को ही सरकारी कंपनी व्हीलचेअर, कॅलिपर, श्रवणयंत्र वगैरे शिबिरं घेऊन देते. आणि दुसरं म्हणजे सीपीच्या मुलाला दुकानात मिळते तशी घडीची व्हीलचेअर चालत नाही, त्याला मान टेकवायला आधार, छातीला पट्टा, पायाला योग्य उंचीची पाटी असलेली, त्याच्या मापाची खुर्ची लागते, नाहीतर मूल एका बाजूला कलून बसतं आणि पाठीचा कणा अजून वाकतो. शाळेने सांगितलं की खुर्च्यांपेक्षा आम्हाला फिजिओथेरपिस्टचा पगार आणि व्हॅनचं डिझेल ह्याची चणचण आहे, कारण पगाराला आणि डिझेलला कुणी देणगी देत नाही, त्याच्यावर नाव टाकता येत नाही ना. आम्ही मग पोस्टरवर स्पष्ट लिहिलं, "एका फिजिओथेरपिस्टचा वर्षाचा पगार", आणि लोकांनी ते मनापासून उचलून धरलं. नेमकं काय ते कळलं की माणूस देतो.

तारीख आणि वेळ

३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो म्हणून सगळे तीच तारीख धरतात, पण त्या दिवशी शाळांचे स्वतःचे कार्यक्रम असतात, सरकारी कार्यक्रमांना मुलांना न्यावं लागतं, मुलं दमलेली असतात. त्याच्या आसपासचा रविवार किंवा जानेवारीतला रविवार बरा, हवा छान असते. २१ मार्च डाऊन सिंड्रोम दिन आणि २ एप्रिल ऑटिझम दिन, ह्या तारखा हव्या असतील तर ऊन लक्षात घ्या आणि आठच्या आत सगळं आटपा. गणपती, पालखी, निवडणूक ह्या काळात पोलिसांकडे जाऊच नका, त्यांच्याकडे माणसं नसतात.

आता वेळेचं. मॅरेथॉनवाले पहाटे साडेपाचला सुरू करतात, आपल्याला ते जमणार नाही. ज्या घरात असं मूल आहे त्या घरातली सकाळ कशी असते ते एकदा जवळून बघा. फिटची गोळी ठरलेल्या वेळेला, पोट साफ होण्याची वाट बघणं, डायपर, स्प्लिंट चढवायलाच पंधरा मिनिटं, एक एक घास भरवणं, आणि रात्री मूल तीन वेळा उठलेलं असतं. सहाला वॉक ठेवलात तर आईला चारला उठावं लागेल. थंडीत साडेसात ही चांगली वेळ आहे.

रूट: स्वतः व्हीलचेअरवर बसून फिरा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, ह्याला एक अख्खी सकाळ द्या. शाळेतून एक व्हीलचेअर उसनी आणा, टीममधल्या एकाला बसवा, एकाने ढकला आणि पूर्ण रूट फिरा. चालताना जे दिसत नाही ते सगळं लगेच दिसतं. पेव्हर ब्लॉकवरून जाताना सगळं अंग थरथरतं, गटाराच्या जाळीत पुढचं छोटं चाक अडकतं, स्पीडब्रेकरवर खुर्ची पुढे झुकते. फूटपाथवर बाईक चढू नयेत म्हणून जे खांब लावलेले असतात त्यांच्यातलं अंतर मोजा, तीन फूट मोकळी जागा नसेल तर बऱ्याच खुर्च्या सहज निघत नाहीत. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद करून नव्याने बांधले तसे सगळीकडे नाहीत, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी बंद केलेला सपाट डांबरी रस्ता, कॉलेजचं आवार किंवा मोठ्या सोसायटीचा आतला रस्ता फूटपाथपेक्षा कितीतरी चांगला.

पायरी आली तर रॅम्प लागतो आणि त्याचा हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. म्हणजे नऊ इंचाची पायरी असेल तर नऊ फूट लांब रॅम्प. मांडववाला प्लायवूडचा करून देतो पण तो नेहमी तीन फुटाचा करतो आणि म्हणतो चालतंय की ताई, नाही चालत, खुर्ची मागे उलटते. त्याला फुटपट्टी घेऊन समजावून सांगा आणि प्लायवर काथ्या किंवा खडबडीत चटई ठोकून घ्या, दवाने ओला झाला की घसरतो.

नदीचा घाट, तलाव, कालवा ह्याच्या कडेने रूट नको. दिसायला सुंदर असतो, पण ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना पाण्याची जबरदस्त ओढ असते आणि हात सुटला की ती सरळ पाण्याकडे पळतात. हे आईबापांना विचारा, ते सांगतील की कुठल्याही नव्या जागी गेल्यावर त्यांची नजर आधी पाणी कुठे आहे ते शोधते.

अंतर तीन ठेवा. चारशे मीटरचा छोटा फेरा, दीड किलोमीटरचा मधला आणि तीन किलोमीटरचा मोठा, तिन्हीचा शेवट एकाच जागी. आता इथे खरी युक्ती आहे. मोठी माणसं तीन किलोमीटर साधारण चाळीस मिनिटांत चालतात आणि वॉकरवालं मूल चारशे मीटरला पन्नास मिनिटं ते तास घेतं, म्हणून मुलांना वीस मिनिटं आधी सोडायचं, म्हणजे शेवटच्या शंभर मीटरमध्ये सगळे एकत्र येतात आणि मूल कमानीखालून जातं तेव्हा आजूबाजूला गर्दी असते, टाळ्या असतात. त्या शंभर मीटरला खुर्च्या, पाण्याचं टेबल आणि सावली ठेवा. आणि मांडववाल्याशी बोलताना भाड्याची वेळ दोन तास जास्तीची धरून ठरवा, पैसे थोडे जास्त द्या, पण शेवटचं मूल येईपर्यंत एक खिळा काढायचा नाही हे त्याला आधीच सांगून ठेवा. आम्ही आता हे त्याच्या बिलावरच लिहून घेतो.

परवानग्या

निदान सहा आठवडे आधी सुरुवात करा. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, स्थानिक पोलीस स्टेशनच्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे, एक प्रत वाहतूक शाखेला, त्यात तारीख, वेळ, रूटचा नकाशा, अंदाजे संख्या, व्हॉलंटियर किती, ॲम्ब्युलन्स कुठे उभी राहणार हे सगळं. दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर पोच घ्यायची, ही पोच पुढे दहा ठिकाणी विचारतात. मैदान किंवा बाग वापरणार असाल, कमान किंवा बॅनर लावणार असाल तर महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी वेगळी. स्पीकरची परवानगी वेगळी, रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या शंभर मीटरमध्ये शांतता क्षेत्र. १०८ ची ॲम्ब्युलन्स इमर्जन्सीसाठी आहे, ती तुमच्यासाठी तिथे थांबून राहणार नाही, त्यामुळे जवळच्या हॉस्पिटलला विनंती करून एक ॲम्ब्युलन्स आणि एक डॉक्टर मागून घ्या, शक्यतो मुलांचे डॉक्टर.

पोलिसांबद्दल एक सांगते, चौकीतल्या माणसाला नीट समजावलं की कोण मुलं येणार आहेत आणि रस्ता ओलांडायला त्यांना किती वेळ लागतो, तर ते खूप मदत करतात. आमच्याकडे एक हवालदार ड्युटी संपल्यावरही शेवटची व्हीलचेअर सिग्नल ओलांडेपर्यंत थांबले होते.

पैशाचा व्यवहार

इथे ढिलाई नको, चांगल्या मनाने केलेल्या कामावरसुद्धा पैशामुळे डाग लागतो. कुणाच्याही पर्सनल जीपेवर पैसे घेऊ नका. पोस्टरवर थेट संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड टाका, पैसे तुमच्या हातातून जायलाच नकोत. तुम्ही चार मित्र मिळून रजिस्टर्ड संस्था नसताना वर्गणी गोळा करणार असाल तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी घ्यावी लागते, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क, गणपती मंडळं घेतात तीच. नोंदणी असलेल्या संस्थेला बरोबर घेतलंत तर हा सगळा व्याप कमी होतो.

देणगी देणारे ८०जी, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकर सवलत, विचारणारच. संस्थेकडे ८०जी असेल तर पावतीसाठी पॅन नंबर घ्या, दोन हजारांच्या वर रोख दिली तर त्या रकमेला सवलत नाही, आणि ज्यांनी नवीन करपद्धत निवडलीय त्यांना ही वजावट मिळतच नाही, हे आधीच सांगा म्हणजे नंतर नाराजी नको. परदेशातले नातेवाईक पैसे पाठवतो म्हणतात तेव्हा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या मामाचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या संस्थेला घेता येत नाहीत, मग तो कितीही आपला असो, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी.

कंपन्यांकडे जाताना बरेच जण सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने कायद्याने समाजकामावर करायच्या खर्चातून, वॉकला स्पॉन्सर करा म्हणतात आणि नकार घेऊन परत येतात. कारण साधं आहे, कंपनी मंत्रालयाने २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगितलंय की मॅरेथॉनसारखे एकदाचे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जाणार नाहीत. तुम्ही मागणी दोन भागात करा. वॉकचा मांडव, पाणी, छपाई ह्याला त्यांच्या मार्केटिंगच्या खात्यातून मागा, आणि शाळेचा वर्षभराचा थेरपी प्रोजेक्ट सीएसआरला द्या, दिव्यांग मुलांचं शिक्षण हे कायद्याच्या यादीत बसतं.

एन्ट्री फीचा हिशोब आधी कागदावर मांडा. समजा तीनशे लोक आणि दोनशे रुपये फी, म्हणजे साठ हजार. टीशर्ट दीडशेचा धरला तरी पंचेचाळीस हजार तिथेच गेले, उरलेले मांडव आणि नाश्त्यात, शाळेच्या हातात शून्य. आम्ही दुसऱ्या वर्षापासून टीशर्ट बंद केले आणि शाळेतल्या मोठ्या मुलांनी ब्लॉक प्रिंट केलेले सुती रुमाल दिले, त्याचे पैसे त्या मुलांना मिळाले आणि लोक ते रुमाल अजून वापरतात. शिवाय टीशर्टच्या मानेवरचं लेबल टोचतं म्हणून काही मुलं ते अंगावर ठेवतच नाहीत, हा त्रास लहान वाटतो पण त्या मुलासाठी अख्खा दिवस खराब होतो.

फॉर्ममध्ये काय विचारायचं

नाव, वय, फोन ह्याच्या पुढे जा. मूल कसं फिरतं, चालत, वॉकरने, खुर्चीवर, कडेवर? कसं बोलतं, शब्दांनी, खुणांनी, चित्रांनी, मोबाईलवर? काय झालं की त्रास होतो? शांत कशाने होतं? फिट येते का, शेवटची कधी आली, आल्यावर कुठलं औषध द्यायचं? खाण्यात काय चालत नाही? फोटो काढलेला चालेल का? ह्या शेवटच्या प्रश्नाला नाही म्हणणाऱ्यांच्या मनगटावर वेगळ्या रंगाची रिबिन बांधा आणि फोटोग्राफरला ती आधी दाखवा. मूल मोठं असेल तर त्यालाही विचारा, आईने हो म्हटलं म्हणजे झालं असं नसतं.

आणि दिव्यांग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर फक्त व्हीलचेअर येते. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, त्यात ऑटिझम, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणं), थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल सगळं येतं. मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या मुलाला "चल चल, अजून थोडं, तू करू शकतोस" म्हणून ओढणं चुकीचं आहे, अतिश्रमाने त्याचे स्नायू अजून खराब होतात, त्याने थांबतो म्हटलं की थांबायचं आणि खुर्ची तयार ठेवायची. हिमोफिलियाच्या मुलाला पडून लागलं तर रक्त लवकर थांबत नाही. म्हणून हा फॉर्म डॉक्टरच्या हातात आदल्या दिवशी पोचला पाहिजे.

व्हॉलंटियरना एक तास द्या

कॉलेजची मुलं उत्साहाने येतात, एनएसएसची विशेषतः, पण कुणी शिकवलेलं नसतं. आदल्या शनिवारी एक तास शाळेतल्या टीचरना बोलावून सगळं करून दाखवायला सांगा. खुर्चीला न विचारता हात लावायचा नाही, ती त्या मुलाच्या अंगाचाच भाग असते. थांबलं की ब्रेक लावायचा. उतारावर खुर्ची उलटी वळवून, आपण खालच्या बाजूला राहून उलट्या पावलांनी चालत उतरवायची. अंध मुलाचा हात धरून ओढायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं, ते धरतं. ऐकू न येणाऱ्या मुलाशी समोर येऊन बोलायचं, तोंडावर हात न ठेवता. बोलायचं ते मुलाशी, त्याच्या डोक्यावरून आईशी "ह्याला काय होतं?" असं विचारायचं नाही.

फिट आली तर काय करायचं हे प्रत्येकाला पाठ पाहिजे, कारण आपल्याकडे अजून लोक कांदा आणि चप्पल घेऊन धावतात. नाकाशी काही धरायचं नाही, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, कपडे सैल, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांच्या पुढे गेली की लगेच ॲम्ब्युलन्स. डॉक्टरांना तर तोपर्यंत कुणीतरी बोलावलेलं असलंच पाहिजे.

आवाराच्या प्रत्येक गेटवर एक माणूस हवा, त्याला दुसरं कुठलंही काम नाही, फक्त एकटं मूल बाहेर जात नाही ना ते बघायचं. प्रत्येक मुलाच्या खिशात आईचा नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा, छातीवर लावू नका, कुणीही वाचतं.

ढोल नको

हे मी पुण्यात राहून म्हणतेय, ढोल मलाही प्रिय आहे. पहिल्या वर्षी आम्ही पथक बोलावलं होतं आणि फुग्यांची कमान केली होती. ढोलाचा पहिला ठोका पडला आणि ऑटिझम असलेला एक मुलगा कान दाबून खाली बसला, मग उन्हाने कमानीतले दोन फुगे फुटले आणि तो किंचाळत रस्त्याकडे पळाला, वडिलांनी कसंबसं पकडलं. ते कुटुंब दहा मिनिटांत घरी गेलं, ज्यांच्यासाठी वॉक होता तेच. आता आमच्याकडे फुगे नाहीत, फटाके नाहीत, ढोल नाही, स्पीकर कमी आवाजात आणि पहिली वीस मिनिटं, मुलं निघतात तेव्हा, पूर्ण बंद. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे, ऐकू न येणारी माणसं वाजवतात तशी टाळी, हे सगळ्यांना सुरुवातीला शिकवतो आणि तीनशे हात एकदम हलतात तेव्हा खरंच बघत राहावं असं दिसतं. वाटेत एक शांत खोली किंवा तंबू ठेवा, जाड पडदा, सतरंजी, दोन उशा, पाणी, आत कुणी फोटो काढायला जायचं नाही.

टॉयलेट आणि नाश्ता

भाड्याच्या पोर्टेबल टॉयलेटला फूटभर पायरी असते आणि आत खुर्ची वळत नाही. म्हणून स्टार्टची जागा निवडतानाच तळमजल्यावर कमोड असलेली शाळा, मंगल कार्यालय किंवा दवाखाना शेजारी हवा. आणि एक गोष्ट जी कुणी विचारत नाही, बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींनाही डायपर असतो आणि तो बदलायला आईला जागा नसते, गाडीच्या मागच्या सीटवर ओढणीचा आडोसा करून बदलतात. एक कॉट, स्वच्छ चादर, दार बंद होणारी खोली, कचऱ्याची झाकणाची बादली, हात धुवायला पाणी. एवढं केलंत तर आया तुम्हाला कधीही विसरणार नाहीत.

नाश्त्याला पोहे, उपमा, केळी ठीक आहे. पण आईला न विचारता मुलाच्या हातात काहीही द्यायचं नाही, बिस्कीट नाही, चॉकलेट नाही, पाणीसुद्धा नाही. सीपीच्या काही मुलांना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागून श्वासनलिकेत जातो. फिट येऊ नये म्हणून कीटो डाएटवर, म्हणजे साखर-पिष्ट जवळजवळ बंद अशा आहारावर, असलेल्या मुलाला एक चॉकलेटही भारी पडू शकतं. प्रेमाने देणाऱ्या आज्यांना हे हात जोडून, नीट सांगा, त्यांना वाईट वाटतं पण कळतं.

पाहुणे आणि शब्द

पाहुण्यांसाठी थांबायचं नाही. साडेसात म्हणजे साडेसात, पाहुणे आठला आले तर त्यांनी आठपासून चालावं. शाल-श्रीफळ, सत्कार, भाषण सगळं मिळून पाच मिनिटं. मुलांना स्टेजवर रांगेत उभं करून खाऊवाटपाचे फोटो काढू देऊ नका, कितीही मोठा माणूस असो. झेंडा मुलांपैकीच कुणी दाखवला तर फार छान.

पोस्टरवर बिचारी, दुर्दैवी, दयेची गरज असे शब्द नकोत. मतिमंद हा शब्द काही जुन्या शाळांच्या नावात आहे पण आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. काही पालकांना स्पेशल आवडतं, काहींना दिव्यांग, काहींना दोन्ही नको असतं, त्यांना मुलाचं नाव पुरतं. विचारा आणि ते म्हणतील तसं म्हणा. मुंबई मॅरेथॉनमध्येही मोठ्या धावण्याबरोबर दिव्यांगांसाठी वेगळं छोटं अंतर असतं, तिथे तेही बाकीच्यांसारखेच भाग घेणारे म्हणून उतरतात. आपल्या छोट्या वॉकमध्येही मुलाला नंबर द्या, माझ्या भाच्याचे चारही नंबर त्याच्या कपाटाच्या दाराला चिकटवलेले आहेत.

एक टेबल माहितीचं

हे आम्ही तिसऱ्या वर्षी सुरू केलं आणि मला वाटतं सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच झाला. गर्दी आलेलीच असते, त्यात असे पालक असतात ज्यांना यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, म्हणजे काय हेच माहीत नसतं. एक टेबल, दोन जाणकार पालक, एक लॅपटॉप. त्या कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज कसा भरायचा, पुण्यात तपासणीसाठी ससून हॉस्पिटलला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जाताना कुठली कागदपत्रं न्यायची, ऑटिझम, सीपी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे ज्यात एक लाखापर्यंत कव्हर मिळतं, एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे, शेजारच्या नेहमीच्या शाळेतसुद्धा. एक बाई भाजी घ्यायला बाहेर पडल्या होत्या, गर्दी बघून थांबल्या, त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा, आजवर एकही कागद काढलेला नव्हता. पिशवी खाली ठेवून अर्धा तास बसल्या होत्या त्या टेबलाशी.

संपल्यावर

पंधरा दिवसांत हिशोब द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर बिलांच्या फोटोसकट, किती जमले, खर्च किती, शाळेला किती गेले, आणि शाळेच्या पावतीचा फोटो. एक रुपयाचाही फरक असेल तर तो का ते लिहा. पोलीस, सफाई कामगार, मांडववाला सगळ्यांना फोन करून आभार माना.

आणि सोमवारी संध्याकाळी जी कुटुंबं नाव नोंदवूनही आली नाहीत किंवा मधेच गेली त्यांना फोन करा. तक्रारीच्या सुरात नको, फक्त विचारा की काय अडलं. हे फोन मी स्वतः करते आणि एका वहीत लिहून ठेवते. रिक्षावाला व्हीलचेअर घेईना. धाकटीला सांभाळायला कुणी नव्हतं. गेल्या वर्षी एका वडिलांनी सांगितलं की पार्किंगपासून स्टार्टपर्यंतच इतकं चालावं लागलं की मुलगी तिथेच दमली, म्हणून गाडीत बसूनच बघितलं आणि परत गेलो. ह्या वर्षी कमानीपासून वीस पावलांवर दहा गाड्यांची जागा दोरी बांधून राखून ठेवतोय, आणि पहिल्या जागेसाठी त्यांनाच फोन केलाय.